नोकरी-व्यवसाय सांभाळून यहुदी विद्येचें अध्ययन : नवीं साधनें आणि कोंकणचा इतिहास

कोंकणच्या इतिहासाचीं कांहीं साधनें अशा भाषांत आणि अशा लिपींत आहेत कीं, तेथें आपल्यापैकीं फार थोड्यांची गति आहे. फारसीच्या बाबतींत ही अडचण मराठी संशोधकांनीं लौकर ओळखली आणि तिचें बऱ्याच अंशीं निवारण केलें. पोर्तुगीज दप्तरांकडेहि पांडुरंग पिसुर्लेंकर यांच्या श्रमांमुळें लक्ष वेधलें गेलें. हिब्रू आणि यहुदी-अरबी साधनांच्या वांट्यास मात्र हें भाग्य फारसें आलेलें नाहीं. वस्तुतः कोंकणांत शतकानुशतकें राहिलेला, घरीं मराठी बोलणारा, गांवांचीं नांवें आडनांवांत वागविणारा आणि शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवीत असल्यामुळें 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाणारा बेने इस्राएल समाज हा आपल्याच इतिहासाचा एक भाग आहे. परंतु त्याचा पूर्वेतिहास सांगावयाची वेळ आली म्हणजे नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलेलें गलबत, त्यांतून वांचलेले सात पुरुष व सात स्त्रिया, आणि पुढें केव्हां तरी आलेला दाऊद राहाबी, एवढ्यावर बहुधा सारें आटोपतें. साधनें अगदींच नाहींत म्हणून असें होतें असें नव्हे. जीं आहेत तीं वाचण्यास लागणारी विद्या आपण मिळविली नाहीं, म्हणून होतें.

या विद्येच्या वाटेंत आजवर दोन धोंडे होते. पहिला ग्रंथांचा. मिश्ना, तालमूद व त्यांवरील टीका मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत सहज मिळण्यासारख्या नव्हत्या, आणि हस्तलिखितें तर केंब्रिज, म्यूनिक, यरुशलेम अशा ठिकाणीं विखुरलेलीं. दुसरा धोंडा वेळेचा. ज्याला दिवसभर कचेरींत, शाळेंत किंवा दुकानांत बसावें लागतें त्यानें चाळिशीनंतर नवी लिपि व दोन नव्या भाषा केव्हां शिकाव्या? पहिला धोंडा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इंटरनेटनें जवळजवळ दूर केला आहे. दुसरा ज्याचा त्यानेंच सारावयाचा आहे; मात्र तो कसा सारावा याची युक्ति खुद्द यहुदी परंपरेंतच पूर्वींपासून आहे. प्रस्तुत लेखांत या दोन्ही गोष्टींचा विचार करून, अशा अध्ययनानें कोंकणच्या इतिहासाला कोणता उपयोग होण्यासारखा आहे हें एक-दोन उदाहरणांनीं दाखविण्याचें योजिलें आहे.

यहुद्यांत विद्याध्ययन हें केवळ पंडितांचें काम मानलेलें नाहीं. हिल्लेल या प्राचीन आचार्याविषयीं तालमूदांत अशी कथा आहे कीं, तो रोजमजुरी करी आणि मिळालेल्या मजुरीपैकीं अर्धी विद्यालयाच्या द्वारपालास देऊन आंत प्रवेश मिळवी. एके दिवशीं कमाई झाली नाहीं, तेव्हां तो छपरावर चढून झरोक्यास कान लावून बसला आणि बर्फाखालीं गाडला गेला. कथेचा ऐतिहासिक अंश किती हा प्रश्न निराळा. ती सांगण्याचा हेतु मात्र उघड आहे. दारिद्र्य किंवा काम ही अध्ययन न करण्याची सबब होऊं शकत नाहीं, असें तिला सुचवावयाचें आहे. 'आवोत' नामक मिश्नेच्या प्रकरणांत सवड मिळाल्यावर शिकूं असें म्हणणाऱ्यास हिल्लेलचा इशारा आहे, आणि शम्मय या त्याच्या समकालीनाचा आग्रह अध्ययनाला ठराविक नेम असावा असा आहे. आपल्याकडे पोथीचा नेम करणाऱ्या माणसास ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या नेमाला आधुनिक काळांत सर्वांत व्यापक रूप दिलें तें मेयर शापिरो या पोलंडमधील तरुण रब्बीनें. इ. स. १९२३ च्या ऑगस्टांत व्हिएन्ना येथें भरलेल्या आगुदात इस्राएल संघटनेच्या परिषदेंत त्यानें अशी सूचना मांडली कीं, जगांतील सर्व यहुद्यांनीं बाबिलोनी तालमुदाचें एकच पान एकाच दिवशीं वाचावें. त्याच वर्षीं ११ सप्टेंबर रोजीं, यहुदी वर्षारंभाच्या दिवशीं, हा उपक्रम सुरू झाला. त्यास 'दाफ योमी', म्हणजे रोजचें पान, असें नांव आहे. सध्यांच्या गणतीनें पानें २,७११ आहेत. म्हणजे एक आवर्तन पुरें होण्यास सुमारें सात वर्षें पांच महिने लागतात. तेरावें आवर्तन ४ जानेवारी २०२० रोजीं संपलें आणि दुसऱ्याच दिवशीं चौदावें सुरू झालें. त्या दिवशीं यरुशलेमांत हजारों स्त्रियांनीं एकत्र जमून आपलेंहि आवर्तन पूर्ण झाल्याचा समारंभ केला. तालमुदाचें अध्ययन दीर्घ काळ पुरुषांपुरतेंच राखलेलें होतें हें लक्षांत घेतां ही गोष्ट लहान नव्हे. हें सर्व शक्य झालें तें पानांचे क्रमांक जगभर एकच असल्यामुळें. व्हेनिस येथें डानिएल बोंबर्ग या ख्रिस्ती मुद्रकानें इ. स. १५२० ते १५२३ च्या दरम्यान संपूर्ण तालमूद छापला, त्या वेळचीं पानें पुढील मुद्रकांनीं जशींच्या तशीं ठेविलीं. मध्यभागीं मूळ, आंतल्या बाजूस राशीची टीका, बाहेरच्या बाजूस तोसाफोत ही उत्तरकालीन टीका, अशी मांडणी. विल्ना येथील रोम्म मुद्रणालयाची इ. स. १८८० ते १८८६ मधील आवृत्ति आज सर्वत्र प्रमाण धरतात.

असें असलें तरी, इतिहासाच्या दृष्टीनें यहुदी विद्येकडे वळणाऱ्या मराठी माणसानें दाफ योमी पत्करावें असें आमचें मत नाहीं. एका पानास नवशिक्याला तास अपुरा पडतो, अरामी भाषेची चर्चा अर्धवट राहते, आणि चार दिवस चुकले कीं जें मागें राहतें तें राहतेंच. त्यापेक्षां मिश्ना बरी. ती हिब्रूंत आहे, वाक्यें आंखूड आहेत, आणि तिचें संकलन इ. स. २०० च्या सुमारास झालेलें असल्यामुळें इतिहासकाराला ती अधिक जुन्या काळाजवळ नेते. तिचे सहा विभाग व ६३ प्रकरणग्रंथ आहेत. रोज दोन कलमें हा तिचाहि एक प्रचलित नेम आहे, आणि त्यास सावकाश वाचूनहि अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागूं नये. ज्यांना बायबलापासून आरंभ करावयाचा असेल त्यांनीं हिब्रू बायबलाचे ९२९ अध्याय आठवड्यास पांच या हिशेबानें वाचावे, इस्राएलांत इ. स. २०१४ च्या अखेरीस असाच एक उपक्रम निघाला, आणि त्या गतीनें साडेतीन वर्षांत सर्व ग्रंथ हातावेगळा होतो.

लिपीचें भय मात्र कोणीं बाळगूं नये. अक्षरें अवघीं बावीस, त्यांतील पांचांस शब्दाच्या शेवटीं निराळें रूप, लेखन उजवीकडून डावीकडे. स्वर बहुधा लिहीत नाहींत. ते वाचकानें प्रसंगावरून जाणावयाचे. ज्यानें मोडी वाचली आहे त्याला ऱ्हस्व-दीर्घाचा व कान्या-मात्रांचा संदिग्धपणा नवा नाहीं. शब्द आधीं ओळखावा आणि मग अक्षरें पडताळावीं, ही मोडीवाचकाची संवय येथें फार उपयोगी पडते. टीकांसाठीं 'राशी' या नांवानें रूढ झालेलें निराळें वळण शिकावें लागतें; तें पहिल्यानंतर आठ-पंधरा दिवसांचें काम आहे. मराठींत हिब्रू शिकविण्याचा प्रयत्न नवा नाहीं हेंहि येथें सांगण्यासारखें आहे. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीं बेने इस्राएलांसाठीं मराठींतून हिब्रू व्याकरणाचीं मूलतत्त्वें इ. स. १८३२ मध्येंच प्रसिद्ध केलीं. पुढें जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठींत उतरविले. ते शाळा चालवून हें काम करीत, म्हणजे आपल्या विषयाचा आदर्श असा विद्यार्थी व शिक्षक कोंकणी बेने इस्राएलांतच होऊन गेला आहे.

मूळ ग्रंथ वाचण्यास आज सर्वांत सोयीचें स्थळ 'सेफारिया' हें आहे. इ. स. २०१३ पासून तें लोकांस खुलें झालें. तेथें बायबल, मिश्ना, तालमूद, मध्ययुगीन टीका हें सर्व मूळ हिब्रू-अरामीसह विनामूल्य वाचतां येतें, आणि एखाद्या वाक्यावर बोट ठेवलें कीं त्यावरील टीका व तें वाक्य अन्यत्र कोठें आलें आहे त्या जागा बाजूस उघडतात. आदीन स्टाइनसाल्ट्झ (१९३७-२०२०) यांनीं इ. स. १९६५ ते २०१० अशीं पंचेचाळीस वर्षें खपून केलेल्या तालमुदाच्या विवरणावर आधारलेलें इंग्रजी भाषांतर इ. स. २०१७ पासून तेथें आहे. आगगाडींत उभ्या उभ्या, हातांतल्या मोबाईलवर, हें वाचतां येतें. शब्दांची व स्थलनामांची चौकशी करण्यास इ. स. १९०१ ते १९०६ मध्यें बारा खंडांत निघालेला जुना यहुदी ज्ञानकोश संपूर्ण उपलब्ध आहे. त्यांतील मतें कित्येक ठिकाणीं मागें पडलीं, पण संदर्भ अद्याप कामाचे आहेत. हिब्रू बायबलाच्या ऐतिहासिक चिकित्सेची ओळख करून घेणाऱ्यानें येल विश्वविद्यालयांत क्रिस्टीन हेज यांनीं इ. स. २००६ मध्यें दिलेलीं चोवीस व्याख्यानें ऐकावीं. तीं ध्वनिचित्रमुद्रित असून खुलीं आहेत. दर रविवारीं एक ऐकलें तरी सहा महिन्यांत संपतात.

आतां या अध्ययनाचा उपयोग काय, तें पाहूं. हाईम सॅम्युएल केहिमकर (१८३०-१९०८) यांनीं बेने इस्राएलांचा इतिहास इ. स. १८९७ मध्यें इंग्रजींत लिहून पुरा केला; तो त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेला. त्यांत या समाजांत पूर्वीं रूढ असलेलीं सणांचीं मराठी नांवें दिलीं आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण इत्यादि. हिब्रू नांवें लोक विसरले होते, आचार मात्र राहिले आणि त्यांस मराठी नांवें पडलीं, असा याचा अर्थ. आतां मिश्नेचा तानीत नामक प्रकरणग्रंथ उघडावा. त्याचा चौथा अध्याय अवघ्या आठ कलमांचा आहे. रोज दोन या नेमानें तो चार दिवसांत होतो. पहिल्याच कलमांत प्रायश्चित्ताच्या दिवशीं व अन्य उपवासांच्या दिवशीं होणाऱ्या प्रार्थनांमध्यें 'द्वारें मिटण्याची' प्रार्थना सांगितली आहे. बेने इस्राएल ज्यास दारफळणीचा सण म्हणत, म्हणजे दारें लावून घेण्याचा सण, तो हाच प्रायश्चित्ताचा दिवस होय. सहाव्या व सातव्या कलमांत आव महिन्याच्या नवमीचा, मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाचा, विचार असून आदल्या दिवसाच्या जेवणांत दोन शिजविलेले पदार्थ, मांस व मद्य हीं वर्ज्य सांगितलीं आहेत. बिरड्याचा सण तो हाच. वालाचें बिरडें खाऊन तो पाळीत.

पेसाहीम या प्रकरणग्रंथाचा तिसरा अध्याय याहून मौजेचा आहे. वल्हांडणाच्या सणांत खमीर व आंबलेलें धान्य घरांत चालत नाहीं. त्या संबंधांत तेथें बाबिलोनी चटणी, मेदी मद्य, अदोमी शिरका असे आंबट पदार्थ एकामागून एक मोजले आहेत. अनाशी ढाकाचा सण म्हणजे आंबट पातळ पदार्थाचें भांडें झांकून ठेवण्याचा सण. खमीर घालून केलेला पाव कोंकणच्या खेड्यांत मुळांतच नव्हता; भाकरीला खमीर लागत नाहीं. तेथें निषेध कोणत्या वस्तूवर बसावयाचा? तो घरांतील आंबवणावर बसला, असें अनुमान या अध्यायाच्या वाचनानंतर सहज सुचतें.

सुचतें इतकेंच, सिद्ध होत नाहीं. दारफळणीच्या दिवशीं बेने इस्राएल घरांत राहून इतरांशीं संपर्क टाळीत, तेव्हां नांव त्या आचारावरूनहि पडलेलें असूं शकेल. शिवाय हे आचार मुळापासूनचे कीं मागाहून आलेल्या शिक्षकानें लाविलेले, हा प्रश्न उरतोच. केहिमकरांनीं पूर्वजांचें आगमन अंतिओकस एपिफानेसच्या छळाच्या काळीं, म्हणजे इ. स. पूर्वी १७५ च्या सुमारास धरलें, आणि हनुक्का हा सण पूर्वीं या समाजास ठाऊक नव्हता ही गोष्ट त्यांच्या बाजूची मानली जाते. कारण तो सण त्यानंतरच्या, इ. स. पूर्वी १६४ मधील, मंदिरशुद्धीचा आहे. पण अभावावरून काढलेलें अनुमान किती दुबळें असतें हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दाऊद राहाबीची तीच गत. केहिमकरांनीं त्याला कित्येक शतकें मागें नेलें. पुढील अभ्यासकांपैकीं अनेकांनीं त्याची सांगड अठराव्या शतकांतील कोचीनच्या राहाबी घराण्याशीं घातली. दोन मतांत अनेक शतकांचें अंतर आहे, आणि कोणतें मत घ्यावें त्यावर वरील सणांच्या नांवांचा अर्थ बदलतो. नांवें राहाबीपूर्वींचीं ठरलीं तर तीं मिश्नाकालीन आचाराची लोकस्मृति ठरूं शकतील. नंतरचीं ठरलीं तर तीं हिब्रू नांवांचीं केवळ भाषांतरें. हा निवाडा मराठीची जाण नसलेल्या यहुदी पंडितास करतां येणार नाहीं, आणि मिश्ना न वाचलेल्या मराठी संशोधकासहि नाहीं.

व्यक्तिनामांचेंहि असेंच आहे. मुंबईंतील पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर, जें लोकांत जुनी मशीद म्हणून ओळखलें जातें, तें इ. स. १७९६ मध्यें बांधणारा सॅम्युएल एझेकिएल दिवेकर आणि मराठी उल्लेखांतला सामाजी हसाजी दिवेकर हे एकच. हिब्रू नांवें मराठी तोंडांत कशीं बदललीं याचें कोष्टक हाताशीं नसेल तर जुन्या कागदांत असा माणूस समोर येऊनहि ओळखूं यावयाचा नाहीं. जिल्हा गॅझेटियरांतील बेने इस्राएलांवरचीं प्रकरणें महाराष्ट्र सरकारनें आतां इंटरनेटवर ठेविलीं आहेत. त्यांपासून हें कोष्टक आजहि आरंभितां येईल.

एक सावधगिरी येथेंच सांगितली पाहिजे. सेफारियावर जो पाठ दिसतो तो एका छापील आवृत्तीचा पाठ होय. तें मूळ हस्तलिखित नव्हे. तालमुदाच्या पोथ्या पॅरिसांत तेराव्या शतकांत व रोममध्यें इ. स. १५५३ त जाळल्या गेल्या. पुढें बाझल येथील इ. स. १५७८ ते १५८१ ची आवृत्ति ख्रिस्ती परीक्षकांनीं जागोजाग कापली, आणि त्या कापाकापीच्या खुणा उत्तरकालीन छापांतहि उरल्या. म्हणून एखाद्या शब्दावर अनुमान उभें करावयाचें असेल तर हस्तलिखित पाहिलेंच पाहिजे. संपूर्ण बाबिलोनी तालमुदाचें जवळजवळ पूर्ण असें एकच जुनें हस्तलिखित टिकलें आहे. तें इ. स. १३४२ चें असून म्यूनिकच्या बव्हेरियन राजकीय ग्रंथालयांत आहे, आणि त्याचें पान न् पान घरबसल्या पाहतां येतें. इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जगभरच्या हिब्रू हस्तलिखितांच्या सूक्ष्मपटांचा संग्रह इ. स. १९५० पासून चालविला होता. त्यावर आधारलेलें 'कतीव' हें दालन इ. स. २०१७ मध्यें उघडलें. यादीवरून हस्तलिखित शोधावें, क्रमांक टिपावा, छायाचित्र पाहावें, असा त्याचा क्रम आहे. दप्तरखान्यांत रुमाल सोडण्याची ज्यांना संवय आहे त्यांस तो क्रम नवा वाटणार नाहीं.

कोंकणच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा संग्रह मात्र कैरोच्या गेनिझाचा. ईश्वराचें नांव ज्यावर असेल असा कागद यहुदी लोक नष्ट करीत नाहींत. बाजूला टाकून ठेवतात. जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या अशा कोठडींत शतकांचे कागद सांचले, आणि त्यांत धर्मग्रंथांबरोबर हुंड्या, करार, याद्या, घरगुती पत्रें असें सर्व कांहीं पडलें. आपल्याकडे जीर्ण पोथी नदींत सोडतात. तसें तेथें झालें असतें तर मध्ययुगीन हिंदी महासागराच्या व्यापाराचें हें दप्तर आपणांस दिसलेंच नसतें. सॉलोमन शेख्टर यांनीं इ. स. १८९६-९७ च्या हिंवाळ्यांत केंब्रिजला नेलेल्या संग्रहांतच सुमारें १,९३,००० तुकडे आहेत. एस्. डी. गोइटाइन (१९००-१९८५) यांनीं त्यांतील हिंदुस्थानाशीं व्यापार करणाऱ्यांचे कागद वेगळे काढले. त्यांचें तें पुस्तक फ्रीडमन यांच्या सहकार्यानें इ. स. २००८ मध्यें निघालें. अब्राहाम बेन यिजू हा ट्युनिसकडचा व्यापारी इ. स. ११३२ पासून इ. स. ११४९ पर्यंत मंगळूर व त्याच्या आसपास राहिला, तेथें त्यानें पितळी भांड्यांचा कारखाना चालविला, आणि आशू नांवाच्या दासीस त्यानें दिलेलें मुक्तिपत्र टिकून आहे. या पत्रांत पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचीं नांवें येतात, त्यांत ठाणें आहे. शिलाहारांचा ठाण्याशीं असलेला संबंध ध्यानीं घेतां, ताम्रपटांशेजारीं हीं पत्रें ठेवून पाहण्याचें काम किती अगत्याचें आहे हें उघड आहे. प्रसिद्ध धर्मशास्त्रकार मैमोनिदेस याचा भाऊ डेव्हिड हिंदुस्थानच्या वाटेवर समुद्रांत बुडाला. त्याचें निघण्यापूर्वींचें पत्रहि याच संग्रहांतलें. खुद्द मैमोनिदेसनें दक्षिण फ्रान्समधील पंडितांस लिहितांना हिंदुस्थानांतील यहुद्यांस शब्बाथ व सुंता यांपलीकडे शास्त्र ठाऊक नाहीं असा उल्लेख केला आहे. तो कोंकणास लावण्याचा मोह पुष्कळांस होतो, पण कोंकणाचें नांव त्यांत नाहीं.

हे कागद केंब्रिजच्या व प्रिन्स्टनच्या संकेतस्थळांवर पाहतां येतात. प्रिन्स्टनचें काम इ. स. १९८६ पासून चालू आहे. अडचण अशी कीं, लिपि हिब्रू व भाषा अरबी. बावीस अक्षरें आलीं म्हणजे पत्र वाचतां येईल, परंतु समजणार नाहीं. तेथें भाषांतरावर अवलंबावें आणि स्थलनामें, मालाचीं नांवें, तारखा एवढें मुळाशीं ताडून पाहावें. नवशिक्यानें याहून अधिक हांव धरूं नये. इ. स. २०१७ मध्यें पेनसिल्व्हेनिया विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयानें असे तुकडे वर्गवार लावण्याचें व वाचून उतरण्याचें काम जगभरच्या हौशी लोकांकडे सोंपविलें, त्यांत अक्षरओळख पुरेशी होती. कालगणनेस मात्र जपावें. गेनिझांतील करारांवर बहुधा सेल्युकिद शक असतो. त्याच्या आंकड्यांतून ३११ वजा केले कीं इसवी सन येतो. वर्ष शरद् ऋतूंत पालटत असल्यामुळें त्या वेळेपासून डिसेंबरअखेर ३१२ वजा करावे. विश्वोत्पत्तीपासूनचा यहुदी शक असेल तर याच रीतीनें ३७६० किंवा ३७६१. एकोणीस वर्षांत सात अधिक मास ही व्यवस्था आपल्या पंचांगासारखीच आहे. फरक इतका कीं, त्यांचा अधिक मास नेहमीं अदार महिन्यासच जोडून येतो. दिवस सूर्यास्तास पालटतो, म्हणून वाराची खातरी केल्याखेरीज तारीख लिहूं नये.

उरला प्रश्न वेळेचा. यरुशलेमचें घड्याळ आपल्यापेक्षां हिंवाळ्यांत साडेतीन तास व उन्हाळ्यांत अडीच तास मागें असतें. तेथील सायंकाळीं सातचा वर्ग हिंवाळ्यांत आपणांस रात्रीं साडेदहास पडतो. ऑक्सफर्ड येथें इ. स. २०२१ मध्यें सुरू झालेल्या दुर्मिळ यहुदी भाषांच्या वर्गासारखे वर्ग इंटरनेटवरून व विनाशुल्क चालले, तरी दुसऱ्या दिवशीं कामावर जाणाऱ्यानें आठवड्यास एकाहून अधिक असा वर्ग घेऊं नये. मुद्रित व्याख्यानें पत्करावीं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत बहुतेक यहुदी संस्थांकडून पत्रोत्तर येत नाहीं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांतील सणांच्या तीन आठवड्यांत कामें रेंगाळतात, हेंहि आधींच हिशेबांत धरावें. एकट्यानें वाचण्यापेक्षां दोघांनीं वाचावें, ही यहुद्यांची जुनी रीत आहे. तिला 'हेवरुता' म्हणतात. एकानें मोठ्यानें वाचावयाचें, दुसऱ्यानें शंका काढावयाची. दोघे दोन गांवांत असले तरी दूरध्वनीवर ही जोडी जमते. आमच्या मतें नेम टिकण्याचें याहून खात्रीचें साधन नाहीं, कारण पुस्तक मिटून ठेवितां येतें, पण ठरल्या वेळीं वाट पाहणारा माणूस तसा मिटून ठेवितां येत नाहीं.

आरंभासाठीं पाठ्यपुस्तक कोणतें, असें विचारल्यास आम्ही पुण्याचेंच नांव सांगूं. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची 'हग्गादा' इ. स. १८७४ मध्यें पुण्यांत मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. तिची जशीच्या तशी प्रतिकृति इ. स. १९६८ मध्यें अमेरिकेंत निघाली. ग्रंथ लहान आहे, हिब्रू व मराठी सोबत आहे, आणि सणाच्या त्याच त्या प्रार्थना असल्यामुळें शब्द पुन्हां पुन्हां भेटतात. तिच्यांतील चित्रांत लुगडें नेसलेल्या बायका पीठ मळून बिनखमिराच्या भाकरी लाटीत व भाजीत आहेत.